दौला मशालजीचा पेला

राजकुमार सगळ्या जगाशी खोटं बोलला, पण भिंतीवरच्या फोटोपुढं कधी बोलला नाही. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी, कारण त्या वर्षांत त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. मुकुंदवाडीतल्या त्याच्या दोन खोल्यांत रोज दिवेलागणीला त्याची माय गोजरबाई भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची आणि घरातली माणसं हात जोडून पंचशील म्हणायची. राजकुमारही बसायचा, प्यायलेला असला तरी. पहिली चार शीलं तो नीट म्हणायचा. चौथं खोटं न बोलण्याचं, तिथं खरं तर त्यानं तोंड उघडायला नको होतं, पण ते जाऊ द्या. पाचवं आलं, दारू-नशापाण्यापासून लांब राहीन असं म्हणायची वेळ आली, की तो गप्प व्हायचा. त्या गप्प बसण्यावरून त्याच्या बायकोला, मेघाला, कळायचं की आजही घेतलेली आहे. वास घ्यायची गरज पडायची नाही.

मग नातेवाइकांनी उचलून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. तिथून तो काडीसारखा होऊन परत आला. त्या संध्याकाळी त्यानं पाचवं शील म्हटलं, अडखळत, पण पुरतं. गोजरबाई पदरात तोंड घालून रडली. मेघा रडली नाही. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकसुद्धा फुंकूनच पिणार.

दारू सुटली, पण तिच्याबरोबर राजकुमारचं हसणं-बोलणंही गेलं. लग्नाच्या वेळी हाच माणूस वरातीत सगळ्यांच्या नकला करून लोकांना लोळवायचा. आता चितेगावच्या कंपनीतून यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. आठवडा कसाबसा जायचा. रविवार मात्र जाता जात नसे. पूर्वीचे त्याचे सगळे रविवार पैठण रोडच्या एका ढाब्यामागं गेलेले. रविवारी तो दाराकडं गेला की मेघा काहीतरी काम काढून दारात जाऊन बसायची.

कंपनीतला शिवराज हे सगळं जाणून होता. भला माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. एका रविवारी तो मोटरसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, राजाला मी घेऊन चाललो. गारखेड्यात आमचे एक सर हायेत, अतुल सर. त्यांच्या क्लासात आम्ही खेळतो. पत्ते नाय, जुगार नाय. गोष्टीचा खेळ हाये."

"गोष्टीचा म्हणजे?"

"म्हणजे आपण एकेक माणूस व्हायचं. सर सांगतात समोर काय हाये, आपण सांगायचं आपला माणूस काय करतो. जमलं का नाय ते फाशावर."

मोठी माणसं रविवारी घरघर खेळणार, असा त्याचा अर्थ मेघानं लावला. पण ढाब्यापेक्षा घरघर परवडलं म्हणून तिनं जाऊ दिलं.

अतुल सर आठवडाभर पोरांना गणित शिकवायचे आणि रविवारी त्याच फळ्यावर किल्ल्याचा नकाशा काढायचे. किल्ला दौलताबादच्या धर्तीचा, त्यांनीच रचलेला: खंदक, भुयारं, चकवे, आणि आत कुठंतरी अडकलेला एक राजकैदी. त्याला सोडवायचं, हा खेळ. फासा वीस तोंडांचा; दहाच्या वर पडला तर जमलं, नाहीतर चुकलं. खेळात शिवराज तलवारबाज होता. सोनिया नावाची एक कॉलेजातली मास्तरीण वैद्यीण होती. सरांचे दोन नियम होते. पहिला असा, की प्रत्येकाच्या माणसाला एक उणीव पाहिजे. उणीव मन लावून खेळली तर एक फासा जास्तीचा मिळायचा. दुसरा नियम शिवराजच्या कृपेनं आलेला. तो आधी "मी उडी मारली" म्हणायचा आणि खाली सुळे दिसले की "उगाच म्हणत होतो" म्हणून मागं सरायचा. तेव्हा सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकलं: बोललं ते झालं. एकदा तोंडातून निघालं की ते घडलं, परत घेणं नाही. तो कोपरा पोरांनीसुद्धा कधी पुसला नाही.

राजकुमारनं माणूस निवडला मशालजी, सगळ्यांपुढं मशाल धरून चालणारा. नाव दौला. उणीव काय, असं सरांनी विचारलं तेव्हा तो फाशाकडं बघत म्हणाला, "पितो."

सगळे हसले. शिवराज तेवढा हसला नाही, पण बोललाही नाही. राजाचं झालेलं-गेलेलं चार लोकांत कशाला काढायचं, असं त्याला वाटलं. चांगुलपणाच तो. आता वाटतं, त्या दिवशी तो जरा कमी चांगला असता तर बरं झालं असतं.

दोन-तीन रविवारांनी राजकुमार घरी येताना शीळ घालत आला. गोजरबाईनं लाटणं खाली ठेवलं आणि मेघाकडं बघितलं. त्या रात्रीच्या जेवणात त्यानं अतुल सरांची नक्कल केली. खडू कानावर ठेवून चष्म्यावरून बघणारे सर त्यानं असे उभे केले की मेघाला ठसका लागला. किती वर्षांनी तो माणूस तिला घरात दिसला होता. ती पुढच्या रविवारी म्हणाली, "मी पण येते बघायला."

गेली, आणि दारातच थांबली.

बाकावर एक रिकामा स्टीलचा पेला ठेवलेला होता. दौला मशालजीपुढं दारू आली की राजकुमारनं तो हातात धरायचा, असं ठरलेलं. फळ्यावरच्या किल्ल्यात पहारेकऱ्यांची बैठक लागली होती आणि त्यांनी दौलाला प्यायला बोलावलं. राजकुमारनं पेला उचलला. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं, डावं मनगट मिशांवरून फिरवलं, घसा खाकरला. नक्कल नव्हती ती. तेच मनगट, तेच खाकरणं मेघानं मोरीच्या दाराआड शेकडो वेळा बघितलेलं होतं. सोनियानं तर श्वास रोखून धरला.

"प्यायचा का नाय, फासा टाक," सर हळूच म्हणाले.

राजकुमारनं फासा टाकला. अकरावर आला. त्यानं पेला पालथा घातला आणि कपाळावरचा घाम पुसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना घराजवळ राजकुमारची गाडी थांबली तेव्हा मेघा म्हणाली, "हे काय चालवलंय? आगीशी खेळ हाये हा."

"मेघा, ऐक तर." तो गाडीवरून उतरला नाही. "दिवसभर मला कुठं ना कुठं ती दिसतेच. कंपनीच्या गेटवर दिसती, वरातीत दिसती. तिथं नाय म्हणायला कुणी शिकवत नाय. केंद्रात भाषणं दिली निस्ती. इथं मी दर रविवारी नाय म्हणतो. घसरलोच, तरी पेला रिकामा असतोय. म्हणून तिथं सराव करतो."

"आणि फासा उलटा पडला तर?"

"मी एकदाच टाकत नाय गं. मनात तर रोज तासातासाला टाकतोय."

मेघाला पहिल्यांदा कळलं की आपला नवरा भिंतीकडं तोंड करून पडतो तेव्हा काय करत असतो. तिला त्याची लई दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, की इतके दिवस आपण निस्तं दारात बसून राहिलो. तेव्हापासून तीही खेळायला जाऊ लागली. तिनं चतुरा नावाची हेर घेतली. सासू कुरकुरली, "चूल सोडून फासे खेळायला चालली का आता?" पण भाजी चिरायला स्वतःच बसायची. पोरगा रोज पाचवं शील म्हणतोय, एवढ्यावर गोजरबाई हत्तीवरून साखर वाटायला तयार होती.

आणि खरं सांगायचं तर मेघाला चतुरा आवडली. जन्मभर सासर, शिलाई मशीन आणि नवऱ्याच्या तोंडाचा वास घेण्यात गेलेली बाई ती. चतुरा तटावरून दोर टाकून उतरायची, पहारेकऱ्यांना चकवायची, आणि बोललं ते झालं. घरी मेघा दहादा बोलली तरी काही होत नव्हतं. इथं एकदा बोललं की भिंत ओलांडलेली असायची. कुणाला नाही आवडणार?

दौला मात्र कितीतरी रविवार कोरडा राहिला. सोनिया एकदा वैतागून म्हणाली, "अहो राजकुमार, गोष्टीत माणूस कधीतरी घसरला पाहिजे. नुसतं नाही नाही किती ऐकायचं?"

सर म्हणाले, "बरोबर आहे. उणीव कधीतरी चावली पाहिजे. नाहीतर ती उणीव कसली."

राजकुमार हसला. मेघाही हसली. ते हसणं तिला पुढं लई दिवस आठवत राहिलं.

तो रविवार आला तेव्हा सगळे भुयारात होते. फळ्यावर सरांनी भुयार काढलं होतं, मध्ये खोल भेग, भेगेवर एक फळी. अंधार असा की मशाल हलली की पाय चुकणार. दौलानं मशाल धरून पुढं व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या उजेडात पाय टाकायचे. पण दौलाचा हात दारूवाचून थरथरतो, हे तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं. सरांनी सांगितलं, एक घोट घेतला तर हात स्थिर, फासा टाकायची गरजच नाही. नाही घेतला तर टाका.

"दौला घेणार नाय," राजकुमार म्हणाला. "दोन्ही हातांनी धरतो."

फासा पडला तीनवर. मशाल हलली, शिवराजचा तलवारबाज फळीवरून घसरला आणि कडेला लोंबकळला. वैद्यीण त्याला ओढायला वाकली, तीही अडकली. फळीच्या मधोमध चतुरा एकटी उभी.

"अजून एकदा," राजकुमार म्हणाला.

पुन्हा चारवर पडला. सर म्हणाले, "फळी कडकडली. चतुराच्या पायाखालची अर्धी गेली. पुढचा फासा चुकला तर चतुरा खाली."

"राजा, घे ना यार," शिवराज म्हणाला. खेळाच्या भरात त्या भल्या माणसाला सगळ्याचा विसर पडला. "दौला, अरे एक घोट. मरतो की आम्ही."

"नाय," राजकुमार म्हणाला. "टाकतो मी. टाकतो."

मेघानं फळ्यावरच्या खडूच्या भेगेकडं बघितलं. तिची चतुरा मरणार होती. इतक्या महिन्यांची चतुरा, तटावरून उतरणारी, तिची तिची अशी एकच गोष्ट. ती जाईल आणि मग पुन्हा मशीन, पुन्हा दारात बसणं. तिचा हात आपोआप पेल्याकडं गेला, तिनं तो राजकुमारपुढं सरकवला आणि जो आवाज तिचा तिलाही ओळखू आला नाही त्या आवाजात म्हणाली, "घ्या हो दौलादादा. माझ्यासाठी घ्या. एकच घोट."

मग सरांनी टाळी वाजवली. "चतुरानं पेला दौलाच्या ओठाला लावला!"

मेघा भानावर आली. "नाय, नाय. परत घेते मी. मी तसं म्हटलं नाय."

"वहिनी, बोललं ते झालं," सर हसत म्हणाले आणि फळ्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

तेव्हा तिला एक वाक्य बोलता आलं असतं. सर, थांबवा, हे खरंच प्यायचे, केंद्रातून आलेत. एवढंच. पण समोर सोनिया होती, शिकलेली, नीटनेटकी. सर होते. शिवराज सोडला तर इथं सगळे त्यांना चांगल्या घरातलं जोडपं समजत होते, आणि मेघाला ते समजणं लई गोड लागलं होतं. राजकुमार तिच्याकडं बघत होता. रागानं नाही. वाट बघत होता. मेघानं मान खाली घातली.

त्यानं पेला उचलला, भिंतीकडं तोंड केलं आणि रिकामा पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. डावं मनगट मिशांवरून फिरवलं. हात पुढं धरला, तर तो दगडासारखा स्थिर. दौलाच्या मशालीत सगळे फळी ओलांडून पलीकडं गेले. चतुरा वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला, सोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "काय खेळलात हो. असं वाटलं, खरंच." शिवराजचा चेहरा तेवढा उतरला होता. उशिरा का होईना, त्याला आठवलं होतं.

राजकुमार हसून सगळ्यांना नमस्कार करत होता. पेला त्यानं पालथा घातला नाही, तसाच उभा ठेवला.

घरी येताना मेघानं त्याच्या पाठीला हात लावला. "रागावलात का?"

"नाय गं. खेळच तो."

"मी खेळात म्हटलं."

"व्हय की. मी कुठं काय म्हणतोय?" तिला दारात उतरवून त्यानं गाडी बंद केली नाही. "पेट्रोल टाकून येतो."

गाडीत पेट्रोल आहे की नाही हे बघायला काटा होता. मेघानं तो बघितला नाही. बघितला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि आज तिला कोणत्या तोंडानं बोलायचं हेच कळत नव्हतं. पूर्वी ती दारात आडवी बसायची. आज बाजूला झाली. गाडी गेली.

तो आला तेव्हा गोजरबाई मेणबत्ती लावत होती. बाहेरच्या नळावर त्यानं तोंड धुतलं, बडीशेप चावली, पाय पुसून आत आला आणि आपल्या जागेवर हात जोडून बसला. मेघा त्याच्या शेजारी बसली. बडीशेपेचा वास येत होता. बाकी काही येतो का ते तिनं घेतलं नाही. अजून तिला आशा होती. आशा लई चिवट असती, जाता जात नाही.

गोजरबाईनं सुरू केलं. पहिलं शील तिघांनी म्हटलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला राजकुमारचा आवाज खणखणीत होता.

पाचवं आलं आणि तो गप्प झाला.

मेघानं म्हणायला तोंड उघडलं. रोजचे शब्द, लहानपणापासून पाठ. पण तेच तोंड दुपारी "घ्या" म्हणालं होतं, आणि त्यातून आता पाचवं शील निघेना. गोजरबाईचा एकटीचा म्हातारा आवाज ओळीच्या शेवटापर्यंत गेला आणि थांबला.

म्हातारीनं पोराकडं बघितलंही नाही. त्याचं तिला कळलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलेलं ते गप्प बसणं होतं. ती सुनेकडं वळली.

"तू का गं थांबलीस?"

"आत्याबाई, मीच पाजली," मेघा म्हणाली.

"काय बोलती?"

"मीच म्हटलं, घ्या. माझ्यासाठी घ्या म्हटलं. चार लोकांत." मेघाला रडू फुटलं.

"माय, तिचं ऐकू नको," राजकुमार म्हणाला. आता त्याच्या शब्दांबरोबर बडीशेपेमागचा वासही आला. "तिनं दिला तो पेला रिकामा होता. त्यात काहीच नव्हतं."

गोजरबाईला त्यातलं काही समजलं नाही. कोणता पेला, कोणते लोक, रिकामा पेला दिल्याबद्दल सून का रडती. तिला एवढंच समजलं की आज या घरात पाचवं म्हणायला तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तिनं मेणबत्ती सरळ केली, पुन्हा हात जोडले आणि पाचवं शील पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, एकदा पोराच्या वाटचं आणि एकदा सुनेच्या.

दोघं खाली बघून ऐकत राहिले.